कम्युनिटी कॉलेज : प्रवेश खुला, पुढचे काय?

शिकागोजवळच्या जोलिएट या औद्योगिक शहरात १९०१ साली माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी शाळेतच पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. विद्यार्थी अवघे सहा. अमेरिकेतल्या आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत जोलिएट ज्युनिअर कॉलेज सर्वांत जुने. ब्राउन यांना गावातल्या मुलांची सोय पाहायची होती. या कल्पनेला बळ देणारे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना मात्र ही दोन वर्षे विद्यापीठाच्या गळ्यातून काढून संशोधनाला मोकळीक हवी होती. सोय एकच, हेतू दोन. पुढचा बराच गुंता इथलाच आहे.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात कामाची वाटणीच करून टाकली : शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांकडे, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले. एकाच आवारात परिचर्या, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, स्थलांतरितांसाठी इंग्रजी आणि पदवीची पहिली दोन वर्षे. इथली दोन वर्षे संपवून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तसाच काहीसा हा मार्ग.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. सॅन होझेच्या कॉलेजचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की पदवीची आस घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. चाचण्या आणि समुपदेशन यांतून त्याची उमेद हळूहळू उतरवून त्याला छोट्या अभ्यासक्रमाकडे वळवले जाते. मला हे निदान आजही पटते, फक्त दोष समुपदेशकांपेक्षा रचनेचा अधिक वाटतो.

गणिताचेच पाहा. प्रवेशचाचणीत कमी गुण पडले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवत. त्याचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत, फी मात्र भरावी लागे. असे वर्ग कधी तीन-तीन, एकामागून एक. समजा, प्रत्येक पायरीवर दहांतले सात पुढे सरकले. तरी तिसऱ्या पायरीअखेर शंभरांतले चौतीसच उरतात. यात कुणी विशेष ‘ढ’ असायची गरज नाही, गुणाकार पुरेसा आहे. बरे, प्रवेशाच्या आकड्यांत यातले काहीच दिसत नाही.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून ही साखळी तोडायला घेतली. शाळेतले गुण पाहून विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या गणितात बसवू लागले, गरजूंना सोबत जादा तास दिले. पहिल्या वर्षातच ते गणित पार करणारे वाढले. त्याच वर्गात नापास होणारेही वाढले, आणि सुधारणेचे विरोधक आज नेमका तोच आकडा पुढे करतात.