काशाचा पुतळा आणि सुईची जागा

अकराव्या शतकात चीनची राजधानी असलेल्या कायफेंगमध्ये ॲक्युपंक्चर शिकणाऱ्यांची परीक्षा काशाच्या पुतळ्यावर होत असे. पुतळा पुरुषभर उंचीचा, आतून पोकळ. अंगावर शेकडो बारीक छिद्रे आणि प्रत्येक छिद्राशेजारी सोन्याने मढवलेल्या अक्षरांत सुई टोचायच्या त्या बिंदूचे नाव. परीक्षेआधी वरून मेण फासायचे, म्हणजे छिद्रेही बुजत आणि नावेही झाकली जात. मग आत पाणी भरायचे. परीक्षकाने बिंदूचे नाव घेतले की विद्यार्थ्याने सुई टोचायची. जागा बरोबर असली तर पाणी बाहेर येई. जरा चुकली की सुई धातूला अडे.

राजवैद्य वांग वेईयी याने सम्राट रेनझोंगसाठी 1027 मध्ये असे दोन पुतळे ओतवून घेतले. सोबत ग्रंथ लिहिला आणि तो दगडावरही कोरवला. हस्तलिखितांत आणि जुन्या आकृत्यांत बिंदूंच्या जागांचा मेळ बसत नव्हता, तो वाद कायमचा मिटवायचा होता. पुढे यातला एक पुतळा मंगोलांच्या हाती गेला, तोवर त्याची पुरती मोडतोड झाली होती. कुब्लाई खानाच्या दरबारात तो दुरुस्त केला नेपाळहून आलेल्या अरनिको नावाच्या कारागिराने, 1265 मध्ये. तेव्हा अरनिको जेमतेम विशीत होता.

पण ही काटेकोर जागा आली कुठून? चीनमधल्या मावांगदुई इथली इसवी सनपूर्व 168 मधली कबर 1973 मध्ये उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले. त्यांत शरीरातल्या वाहिन्यांचे वर्णन आहे, वनस्पती जाळून शेक देण्याचा उपचारही आहे. बिंदूंची यादी मात्र नाही आणि सुयाही नाहीत. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या वैद्याने 349 बिंदू नोंदवले, वांग वेईयीने 354. आज प्रमाण मानले जातात 361. बिंदू एकदाच सापडलेले नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरवले गेले आहेत.

विसाव्या शतकात तर ते सरळ हलवलेही गेले. 1822 मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकशाळेतून ॲक्युपंक्चर बाद केले होते. त्याला पुन्हा उभे करणाऱ्या चेंग दानआन याने 1930 च्या दशकात शरीररचनाशास्त्र हाताशी धरून बिंदूंची नव्याने मांडणी केली आणि रक्तवाहिन्यांवर येणाऱ्या जागा बाजूला सरकवल्या. एकविसाव्या शतकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ एकत्र बसले, तेव्हाही सुरुवातीला 92 बिंदूंच्या जागांवर त्यांचे एकमत नव्हते.

मग जागेचा रोग्याला उपयोग किती? याची मोठी चाचणी जर्मनीत झाली. जुनाट कंबरदुखीचे 1,162 रुग्ण तीन गटांत विभागले. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी नुसत्या वरवर, तिसऱ्याला नेहमीची औषधे आणि व्यायाम. 2007 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या 47.6 टक्के रुग्णांना आराम होता, दुसऱ्या गटातल्या 44.2 टक्के रुग्णांना आणि तिसऱ्यातल्या 27.4 टक्के. सुया टोचून घेतलेल्यांना फरक पडला हे खरे, पण बिंदू चुकल्याने फारसे बिघडले नाही. इतर दुखण्यांच्या एकत्रित अभ्यासांत नेमक्या बिंदूंचे पारडे थोडे जड दिसते, तरी काशाच्या पुतळ्याने धरलेला आग्रह त्यातून सिद्ध होत नाही.

जागेला महत्त्व आहे ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते चेंग दानआनने ओळखले होते. खांद्याजवळ किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली, तर फुप्फुसाला भोक पडू शकते. तेव्हा सुया टोचून घ्यायच्याच असतील, तर टोचणाऱ्याने शरीररचनेचे रीतसर शिक्षण घेतले आहे का, हे आधी विचारावे. उपचारानंतर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.