बचावकर्त्याची सुरक्षितता (बंदिस्त जागा)

संकटातल्या माणसाकडे धावण्याआधी स्वतःचा जीव सुरक्षित ठेवण्याचे तत्त्व. विहीर, सेप्टिक टँक, गटाराचे मॅनहोल अशा जागी ते मोडले की एका अपघातातून मृत्यूंची रांग लागते. बंदिस्त जागांतील बळींपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या ‘निऑश’ या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले.

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील वाकडी (ता. नेवासा) येथे शेणाने भरलेल्या पडक्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला आणि अडकला. त्याच्यासाठी दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एकाला तेवढे वर ओढता आले.

कुजत्या शेणातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. यांतला शेवटचा सर्वांत दगाबाज. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाक बधिर होते आणि धोका टळल्यासारखे वाटते. प्रमाण आणखी वाढले, तर दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो. कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीने हा वायू कळत नाही, उलट मिथेन पेट घेऊ शकतो.

काठावरच्यांनी आधी पुढच्या माणसाला अडवावे. आप्ताचा आक्रोश ऐकत हे करणे फार कठीण असते, आणि अशा अडवणाऱ्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. लगेच १०१ किंवा ११२ वर फोन करावा. अग्निशमन दलाचे जवान पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा घेत, दोराला बांधून उतरतात. तोंडावरचा ओला रुमाल हे वायू अडवत नाही.