रामटेकचे माजी खासदार आणि गहाण सोनं

संविधान चौकातून, म्हणजे आपण अजूनही ज्याला आरबीआय चौकच म्हणतो तिथून, रोज किती लोक जातात! रिझर्व्ह बँकेचं देशातलं सोनं मुंबईत आणि इथे नागपुरात असतं. १९९१ मध्ये मात्र सोनं देशाबाहेर चाललं होतं.

आखाती युद्धाने तेल महागलं, परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. चंद्रशेखर यांचं काळजीवाहू सरकार होतं. त्यांच्या काळात, मे महिन्यात, स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर विकलं गेलं. शिव्या त्यांना बसल्या.

२१ जूनला पंतप्रधान झाले नरसिंह राव. नागपूर विद्यापीठात शिकलेले, रामटेकमधून दोनदा खासदार, मराठी उत्तम. त्या वर्षी तर ते निवडणुकीलाही उभे नव्हते! जुलैमध्ये त्यांच्या सरकारनेही जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवलं.

आता माझा आवडता प्रसंग. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, आरडाओरडा झाला. ३ जुलैला दुसरा टप्पा होता. रावांना धाकधूक वाटली, त्यांनी मनमोहन सिंगांना तो थांबवायला सांगितलं. सिंगांनी डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन लावला. तोवर घोषणा होऊन गेली होती. आमच्या भाषेत, रोलबॅक सांगेपर्यंत कोड प्रॉडक्शनला गेलेला.

म्हणजे हा माणूस निधड्या छातीचा वगैरे नव्हता. घाबरत होता, पण लपवून काम करायला शिकलेला होता. उद्योग खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. २४ जुलैला १८ उद्योग सोडून बाकीच्यांचं लायसन्स राज संपवणारं धोरण संसदेत मांडलं गेलं, तेही राज्यमंत्री कुरियन यांच्या हातून. त्याच दिवशी संध्याकाळी बजेट! सगळ्यांचे कान सिंगांच्या भाषणाकडे.

पण सगळंच असं निसटत नाही. त्याच बजेटमध्ये खतांचे भाव ४० टक्के वाढवले होते. खुद्द काँग्रेसचेच खासदार भडकले आणि ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली, लहान शेतकऱ्यांना सूटही द्यावी लागली. कारखान्याचा परवाना कोणी मोजत बसत नाही, युरियाच्या पोत्याचा भाव मात्र आपल्या विदर्भात प्रत्येकाला पाठ असतो. हे रामटेकमधून दोनदा निवडून आलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं.