हुइयाचे सहा पेन्स

न्यूझीलंड देशाने स्वतःची नाणी प्रथम काढली ती १९३३ साली. त्यांपैकी दोन शिलिंगांच्या नाण्यावर किवी आला, यात नवल नव्हते. नवल होते ते सहा पेन्सच्या चिमुकल्या नाण्याचे. त्यावर फांदीवर बसलेली हुइया पक्ष्याची मादी होती. आणि हुइयाचे शेवटचे खात्रीलायक दर्शन तर १९०७ च्या डिसेंबरातच घडून गेले होते!

हा पक्षी केवळ तेथील उत्तर बेटाच्या अरण्यात राही. अंग काळेभोर, शेपटीच्या टोकाशी पांढरा पट्टा. नराची चोच आखूड व दणकट, मादीची लांब, बारीक व बाकदार. नर कुजके लाकूड फोडून अळ्या काढी, मादी खोल भोकांत चोच घालून त्या टिपी. एकाच जातीच्या नरमादींत चोचीचा एवढा भेद पक्षिसृष्टीत क्वचितच आढळतो. त्याच्या शेपटीचे पीस डोक्यात खोवण्याचा मान माओरी लोकांत थोरामोठ्यांचा असे.

१९०१ साली यॉर्कचे ड्यूक त्या देशाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा रोटोरुआ येथे एका माओरी स्त्रीने आपल्या केसांतील हुइयाचे पीस काढून त्यांच्या टोपीत खोवले. मान द्यावा तो असा! परंतु त्याचे अनुकरण सुरू झाले आणि पिसांना भलतीच मागणी आली. सारा दोष त्या पिसाच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. जंगलतोड, बाहेरून आलेले उंदीर व मुंगसासारखे शिकारी प्राणी, संग्रहालयांसाठी चाललेली शिकार, यांनी पक्षी आधीच विरळ केला होता. १८९२ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण अंमलबजावणी नावापुरतीच राहिली.

तेच ड्यूक पुढे पाचवे जॉर्ज म्हणून गादीवर आले. १९३३ च्या नाण्यावर एका अंगास त्यांची मुद्रा आहे, दुसऱ्या अंगास हुइया. हा योग कोणी जाणूनबुजून जुळविला असेल, असे मात्र दिसत नाही.

१९६७ साली दशमान चलन आले. तरीही हुइयाचे नाणे पाच सेंट म्हणून २००६ पर्यंत चालत राहिले. १९९१ पासून दोन डॉलरच्या नाण्यावर कोटुकू, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या बगळ्याचाच भाऊबंद, विराजमान आहे. पिसांपायी त्याचाही संहार झाला होता. १९४१ साली ओकारिटो येथील त्याच्या वसाहतीत अवघी चार घरटी उरली होती. ती वसाहत मात्र राखली गेली, आणि तेथे कोटुकू आजही घरटी बांधतो.