मशीन माणूस जगवतं, त्याच्या हाडांचं काय?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञानं त्याची चिरफाड केली, तेव्हा थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी त्याला दिसली. माणसात अशाच ग्रंथी असतात हे स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमनं १८८० मध्ये छापलं आणि त्यांना पॅराथायरॉइड हे नाव दिलं. गळ्यात चार ग्रंथी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं.

गेंड्यापासून सुरुवात केली, कारण आपल्या तालुक्यातल्या डायलिसिसच्या पेशंटची हाडं का दुखतात, याचं उत्तर या दाण्यांत आहे.

१९६० च्या मार्चमध्ये सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स नावाच्या माणसाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. त्याआधी डायलिसिस म्हणजे काही दिवसांची मदत असायची, कारण दर वेळी नवी शीर शोधावी लागे. शील्ड्स पुढे ११ वर्षं जगला. पण किडनी बंद असलेली माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली, तसं एक जुनं दुखणं ठळक झालं. हाडं ठिसूळ होतात, अंगाला भयंकर खाज सुटते, रक्तवाहिन्यांत चुना साचतो.

भानगड अशी आहे. किडनी फक्त लघवी करत नाही. ती फॉस्फरस बाहेर टाकते आणि ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लावते. दोन्ही थांबलं की कॅल्शियम घसरतं. मग पॅराथायरॉइड घाबरून संप्रेरक सोडत राहते आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून काढतं. मशीन फॉस्फरस काढतं, पण आठवड्याला दोन-तीन वेळा चार-चार तास बसून रोजच्या जेवणातला सगळा निघत नाही. हिशेबच जुळत नाही.

त्यावर तेव्हा उपाय काढला तो अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्यांचा. जेवणातला फॉस्फरस त्या पोटातच धरून ठेवायच्या. पुढे डायलिसिसवरची काही माणसं अडखळत बोलू लागली, भ्रमिष्ट झाली. डेन्व्हरच्या डॉ. अ‍ॅलन अल्फ्रे यांनी १९७६ मध्ये दाखवलं की त्यांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम साचलंय. पाण्यातूनही ते जात होतं. केंद्रात आरओचं पाणी का लागतं, त्यामागे हाही इतिहास आहे. (‘प्लांट बंद आहे, आज चालवून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर चालवून घेऊ नका.)

आज कॅल्शियमच्या किंवा सेव्हेलॅमरच्या गोळ्या देतात. त्या जेवतानाच घ्यायच्या, रिकाम्या पोटी घेतल्या तर उपयोग जवळपास शून्य. आणि हाडं दुखतात म्हणून आपल्याकडे लगेच दूध वाढवतात! दुधात कॅल्शियम असतं तसा फॉस्फरसही भरपूर असतो. काळं कोल्ड्रिंक, पाकिटातलं खाणं तर त्याहून वाईट, कारण त्यात वरून घातलेला फॉस्फेट शरीर जास्त शोषतं. डाळ-दूध किती घ्यायचं ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील, शेजारचे काका नव्हेत.

हे संप्रेरक रक्तात मोजता यायला १९६३ उजाडलं. बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या तंत्रामुळे ते जमलं, यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. म्हणजे पीटीएच तपासणीला साठ वर्षं होऊन गेली. डायलिसिसवरच्या माणसाची ती साधारण तीन ते सहा महिन्यांनी व्हावी, कॅल्शियम-फॉस्फरस त्याहून लवकर, असं जागतिक मार्गदर्शन सांगतं.

आपल्याकडे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या अर्थसंकल्पात आला, राज्याच्या फुले योजनेतही डायलिसिस आहे. फार मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण नव्या मशीनची फीत कापतात, वर्षाला किती सायकल झाल्या ते आकडे फलकावर लागतात. किती जणांचं पीटीएच तपासलं, हा आकडा मी अजून कुठल्या फलकावर पाहिलेला नाही. मला भेटलेल्या पेशंटपैकी बरेच जण ही तपासणी आणि या गोळ्या स्वतःच्या खिशातून करतात, पैसे नसले की पुढे ढकलतात.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. तीनच गोष्टी लेखी मागणार: पीटीएचची शेवटची तपासणी कधी झाली त्याची पेशंटनिहाय नोंद, फॉस्फरसच्या गोळ्या केंद्रातूनच मिळण्याची सोय आणि आरओ पाण्याच्या तपासणीचे अहवाल भिंतीवर. ज्यांच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे त्यांनी आपली फाइल घेऊन यावं.