रस्त्यावर चालणारे ड्रॅग टायर

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ, छोट्या पट्ट्यावरील वेगाच्या शर्यतींचा, जन्म सामान्य गाड्यांतून झाला. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली, तेव्हा अनेक तरुण कामावर न्यायचीच गाडी शर्यतीत उतरवत. याच दशकात मॅसॅच्युसेट्सच्या मार्विन रिफ्किन यांच्या ‘एम अँड एच’ने खास ड्रॅगसाठी गुळगुळीत टायर बनवले आणि घरची गाडी शर्यतीच्या गाडीपासून दुरावू लागली. रस्त्यावर चालणारा ड्रॅग टायर ही दरी बुजवण्यासाठी आला. म्हणूनच तो निवडताना इंजिनाच्या ताकदीआधी गाडी रस्त्यावर किती धावते, हे पाहायला हवे.

आक्षेप असा, की टायरवर अमेरिकी परिवहन विभागाचे मानक पाळल्याची ‘डीओटी’ मोहर असल्यावर काळजी कसली? पण ती मोहर कंपनी स्वतःच उमटवते. 1968 पासून लागू झालेल्या संघीय मानकांत मजबुती, टिकाऊपणा आणि वेग तपासतात; ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान अट त्यांत नाही. ड्रॅग टायरचे मऊ रबर तापल्यावर डांबराला घट्ट धरते, मात्र उथळ खाचा पावसाचे पाणी बाहेर फेकू शकत नाहीत, आणि रबर झिजतेही झपाट्याने. मग हे टायर फसवे का? मुळीच नाही. कोरड्या, उबदार दिवशी घरून ट्रॅकवर जाऊन परतणाऱ्यासाठी असे ड्रॅग टायर उत्तमच. मात्र गाडी रोज आणि पावसातही चालवायची असेल, तर नेहमीचे टायर ठेवावेत आणि ड्रॅग टायर वेगळ्या चाकांवर चढवून ट्रॅकवरच बदलावेत.