अजिंठ्याच्या भिंतीवर सिंहलद्वीपाची कथा

फलटण : महाराष्ट्राच्या नावाचा एक फार जुना उल्लेख महाराष्ट्रात नव्हे, तर समुद्रापलीकडच्या श्रीलंकेत लिहिलेल्या ग्रंथांत आढळतो. त्याचप्रमाणे, सिंहली लोकांच्या मूळ कथेचे एक भव्य चित्र श्रीलंकेत नसून अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे. दोन्ही प्रदेशांनी एकमेकांच्या स्मृती अशा रीतीने जपल्या आहेत. मात्र शालेय इतिहासात त्यांची सांगड क्वचितच घातली जाते.

सिंहली भिक्खूंनी पाली भाषेत रचलेले ‘दीपवंस’ आणि ‘महावंस’ हे ग्रंथ साधारणतः इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांतील मानले जातात. सम्राट अशोकाच्या काळी मोग्गलिपुत्त तिस्स यांनी धर्मप्रसारासाठी निरनिराळ्या प्रदेशांत थेर पाठविले, असे त्यांत नमूद आहे. महिंद लंकेला गेले, योनक धम्मरक्खित अपरांतात म्हणजे कोकणच्या बाजूला आले, तर महाधम्मरक्खित ‘महारट्ठ’ देशी आले. तेथे चौऱ्याऐंशी हजार लोकांनी उपदेश स्वीकारला आणि तेरा हजारांनी प्रव्रज्या घेतली, असे ‘महावंस’ सांगतो. हे आकडे अर्थातच शब्दशः घेण्याजोगे नाहीत.

प्रसंग मात्र निव्वळ कल्पित म्हणता येत नाही. हिमालयाकडे पाठविलेल्या मज्झिम या थेरांचे नाव सांची येथील स्तूपात सापडलेल्या अस्थिकरंडकावर कोरलेले आढळले. अशोकाच्या शिलालेखांतील ‘पियदसी’ राजा म्हणजे अशोकच, हा उलगडाही १८३७ मध्ये श्रीलंकेतील अधिकारी जॉर्ज टर्नर यांना ‘दीपवंसा’तूनच झाला. सातारा जिल्ह्यापुरते पाहिल्यास, कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरातील साठाहून अधिक लेणी येथे बौद्ध संघ चांगला रुजला होता याची साक्ष देतात. मध्य भारतातील भारहूत स्तूपाच्या दानलेखांत ‘करहकट’ असा उल्लेख येतो, तो कऱ्हाडचाच मानला जातो.

सिंहली परंपरेनुसार त्या लोकांचा मूळ पुरुष विजय हा होय. सिंहबाहू राजाचा हा पुत्र उच्छृंखल वर्तनामुळे सातशे साथीदारांसह देशोधडीला लागला. त्याचे जहाज प्रथम ‘सुप्पारक’ बंदराला लागले, असे ‘महावंसा’त म्हटले आहे. सुप्पारक म्हणजे वसईनजीकचे नालासोपारा. तेथेही साथीदारांनी दांडगाई केल्याने विजयाला मुक्काम हलवावा लागला आणि तो लंकेत उतरला. तेथे कुवेणी या यक्षिणीच्या साहाय्याने त्याने राज्य मिळविले. त्याचे मूळ ‘लाळ’ राज्य म्हणजे गुजरातेतील लाट की बंगालमधील राढ, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

सोपाऱ्याचे प्राचीनत्व मात्र वादातीत आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत बुद्धाच्या कांस्यमूर्ती, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे समजले जाणारे तुकडे आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी, तर नवव्याचा १९५६ मध्ये सापडला.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील कथा निराळी आहे. पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी त्याच्या एका मांडलिकाने हे लेणे खोदविले. दालनाच्या उजव्या भिंतीवर ‘सिंहल अवदान’ रंगविलेले आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांसह राक्षसींच्या बेटावर अडकतो. बोधिसत्त्व पांढऱ्या घोड्याच्या रूपाने येऊन त्याची सुटका करतो. मागे वळून पाहणारे मात्र समुद्रात पडतात. एक राक्षसी सुंदर स्त्रीचे रूप घेऊन सिंहलाचा पाठलाग करते, राजाला भुलवून अंतःपुरात शिरते आणि अखेर राजालाच खाऊन टाकते. मग प्रजा सिंहलाला राजा निवडते. तो हत्ती-घोडे जहाजांत घालून बेटावर चालून जातो आणि बेटाला त्याचे नाव मिळते. नौकांतील हत्तींचा हा प्रसंग पाहण्यासारखा आहे. पूर्वीच्या अनेक पुस्तकांत हे चित्र ‘विजयाचे लंकेत आगमन’ म्हणून छापले जात असे. संस्कृत बौद्ध ग्रंथांशी ताडून पाहिल्यावर ती ओळख चुकीची ठरली.

विजय काय किंवा सिंहल काय, दोन्ही आख्यायिकाच. अनुराधपुराच्या उत्खननांत लोहयुगीन वस्तीचे थर इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या आसपासपर्यंत मागे जातात आणि तेथील काळी-तांबडी मृद्‌भांडी दक्षिण भारतातील भांड्यांशी मिळतीजुळती आहेत. एका जहाजातून एक राष्ट्र उतरले, असे मातीवरून दिसत नाही. तथापि सिंहली भाषा आर्यकुळातील असल्याने उत्तरेशी असलेला संबंधही नाकारता येत नाही. गावाला ‘गम’ आणि आठाला ‘अट’ म्हणणारी ही भाषा मराठीची दूरची नातेवाईकच होय. हा वाद केवळ विद्वानांचा राहिला नाही. बेटावर आधी कोण आले, या प्रश्नाला सिंहली-तमिळ संघर्षात धार चढली आणि १९८३ ते २००९ या काळात तेथे यादवी युद्ध झाले.

चित्रांची अवस्था हा वेगळाच विषय आहे. अजिंठ्याच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तर जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलेल्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. मूळ भिंतींवर पूर्वी चढविलेले रोगण पुढे पिवळे पडले, ते काढण्याचे काम पुरातत्त्व विभागाला करावे लागले. अजिंठ्याशी नेहमी तुलना होणारी, त्याच शतकातील सिगिरियाची चित्रेही सुटली नाहीत. १९६७ मध्ये समाजकंटकांनी त्यांवर हिरवा रंग फासला होता. इटालियन तज्ज्ञ लुचियानो मरांझी यांच्या मदतीने ती पुन्हा उजेडात आली.